लांडगा आला होता, पण कुणी ओरडलेच नाही



इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धाचा धडा आला की मी मुलांना 'एम्डेन'ची गोष्ट हमखास सांगत असे. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या आणि बंदराजवळच्या तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या. मुले डोळे विस्फारून ऐकायची. मग एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारायचा, "गुरुजी, मग मुंबईवर नाही आली का ती?" मी म्हणायचो, "नाही बाळा, एम्डेन मुंबईला आली नाही." उत्तर बरोबरच होते. पण एम्डेन आली नाही तरी दुसरे कुणीतरी येऊन गेले होते. ते ना आमच्या क्रमिक पुस्तकात होते, ना शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत. निवृत्तीनंतर वाचायला निवांत वेळ मिळाला तेव्हा ती हकिगत नीट वाचली. ती आज तुम्हाला सांगतो, आणि तिच्याबद्दल मला जे वाटते तेही सांगतो. पटले तर घ्या, नाही तर म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून द्या.

जर्मनीत ब्रेमेन शहरात 'हान्सा' नावाची एक मोठी जहाज कंपनी होती. हिंदुस्थानच्या बंदरांशी तिचा मोठा व्यापार चाले. या कंपनीच्या बऱ्याच जहाजांची नावे 'फेल्स' या शब्दाने संपायची. फेल्स म्हणजे खडक. 1913 साली फ्लेन्सबुर्गच्या गोदीत तिच्यासाठी 'वाख्टफेल्स' नावाचे एक मालवाहू जहाज बांधले गेले. 5,809 टनांचे, सुमारे 135 मीटर लांबीचे. वेग म्हणाल तर तासाला जेमतेम 20 किलोमीटर. आमच्या बोईसरच्या रस्त्यावरचा जोरात सायकल मारणारा पोरगासुद्धा त्याच्या बरोबरीने गेला असता! दिसायला चारचौघांसारखे, कुणी दुसऱ्यांदा मान वळवून बघणार नाही असे.

हाच त्याचा गुण ठरला. 1916 साली जर्मन नौदलाने ते ताब्यात घेतले. डेकवर तोफा बसवल्या, पण त्या बाहेरून दिसू नयेत म्हणून पुढे खाली पाडता येतील असे कठडे लावले. टॉर्पेडो सोडायच्या नळ्या बसवल्या. पोटात चारशेहून अधिक पाणसुरुंग भरले. धुराडे आणि डोलकाठ्या वरखाली करता येतील अशा केल्या, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला आज एक जहाज वाटेल आणि उद्या दुसरेच. एक छोटे समुद्री विमानही बरोबर घेतले. आणि नाव ठेवले 'वोल्फ', म्हणजे लांडगा. विमानाचे नाव 'वोल्फशेन', म्हणजे लांडग्याचे पिल्लू. इसापनीतीत मेंढराचे कातडे पांघरलेला लांडगा आपण सगळ्यांनीच वाचला आहे. इथे तो खराखुरा तयार झाला.

युद्धनौका सोडून मालवाहू जहाज का घेतले, असे कुणी विचारील. कारण कोळसा. जर्मनीच्या ताब्यात दूरच्या समुद्रात एकही बंदर उरले नव्हते. वेगवान युद्धनौका कोळसा खात सुटते आणि सारखी कुणापुढे तरी हात पसरावे लागतात. मालवाहू जहाजाच्या पोटात मात्र महिनोन् महिने पुरेल इतका कोळसा मावतो, शिवाय ते सावकाश चालते म्हणून खातेही कमी. कमी पडला तर पकडलेल्या जहाजांवरून घ्यायचा.

कार्ल ऑगस्ट नेर्गर नावाचा कप्तान हे जहाज घेऊन 30 नोव्हेंबर 1916 रोजी कील बंदरातून निघाला. उत्तरेकडून इंग्रजांचा पहारा चुकवून, अटलांटिक उतरून जानेवारी 1917 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोचला. तिथे सुरुंग पेरले. फेब्रुवारीत कोलंबोसमोर पेरले. आणि त्याच फेब्रुवारीत तो मुंबईच्या समोर आला. अंधारात आपले काम केले आणि निघून गेला. मुंबईकर झोपलेले होते.

पाणसुरुंग म्हणजे काय ते लहानांसाठी थोडक्यात सांगतो. स्फोटकांनी भरलेला एक मोठा लोखंडी गोळा. तळाशी वजन, वजनाला तार आणि तारेला हा गोळा. पाण्याच्या पृष्ठभागाखाली दिसणार नाही असा तरंगत राहतो. त्याला शिंगांसारखे खिळे असतात, जहाजाचा धक्का लागला की उडाला. आमच्या किनाऱ्यावर समुद्रात खुंट मारून डोल जाळे लावतात आणि भरतीओहोटीबरोबर मासळी आपोआप आत येते. तोच प्रकार, फक्त इथे माणसे येतात. तोफ चालवणारा निदान समोर कोण आहे ते बघतो. सुरुंग बघत नाही. त्याला झेंडा कळत नाही, सैनिक आणि हमाल यातला फरक कळत नाही आणि युद्ध संपले हेही कळत नाही.

कोलंबोसमोरचे सुरुंग लगेच लागले. 17 फेब्रुवारीला 'वुस्टरशायर' आणि 21 फेब्रुवारीला 'पर्सियस' ही जहाजे बुडाली. मुंबईसमोर पेरलेल्यांचा मोठा घास मात्र चार महिन्यांनी गेला, ऐन पावसाळ्यात. जूनमध्ये 'सिटी ऑफ एक्सेटर' जखमी झाले, पण कसेबसे बंदरात पोचले. मुंबईच्या पश्चिमेला 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडाले. 23 जूनला पी अँड ओ कंपनीचे 'मंगोलिया' हे मोठे प्रवासी जहाज मुंबईपासून सुमारे 50 मैलांवर सुरुंगाला लागले आणि काही मिनिटांत तळाला गेले. त्यात 23 माणसे गेली. (ज्यूल व्हर्नच्या 80 दिवसांच्या प्रदक्षिणेत सुएझहून मुंबईला येणारी बोट आठवते का? तिचेही नाव मंगोलियाच, पण ती कंपनीची आधीची बोट.) जुलैच्या अखेरीस 'ओखला' बुडाले.

तेव्हा आमचा हा भाग ठाणे जिल्ह्यातल्या माहीम तालुक्यात मोडत असे. पामहून समुद्र फार लांब नाही. नवापूर, आलेवाडी, मुरबे, सातपाटी, सगळी कोळ्यांची गावे. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच बाहेर काढायच्या, हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. त्या साली या रिवाजाने किती जीव राखले असतील याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता या गोष्टीतला मला सर्वांत जास्त खुपणारा भाग सांगतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस वोल्फने अरबी समुद्रात 'टुरिटेला' नावाचे एक इंग्रजी तेलवाहू जहाज पकडले. गंमत म्हणजे तेही मूळचे हान्सा कंपनीचेच, पूर्वाश्रमीचे 'गुटेनफेल्स'. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी ते बळकावले होते. नेर्गरने त्यावर आपली माणसे आणि काही सुरुंग चढवून त्याला एडनला धाडले. 5 मार्च 1917 रोजी इंग्रजी नौकेने त्याला गाठले तेव्हा जर्मनांनी ते स्वतःच बुडवले, पण त्यावरची माणसे इंग्रजांच्या हाती लागली. म्हणजे मार्चमध्येच इंग्रजांना कळले की या समुद्रात एक वेष पालटलेला लांडगा फिरतो आहे. पण सामान्य माणसाला सांगितले कुणी? सेन्सॉर होता ना! त्याच वर्षी जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ 'कंबरलँड' हे जहाज वोल्फच्याच सुरुंगाने फुटले, तर तिथे प्रवाद असा उठवला गेला की मालात कुणी घातपात्याने बॉम्ब ठेवला असावा. संशय गेला चळवळ्या कामगारांवर आणि तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या जर्मन वंशाच्या लोकांवर. लांडगा आला रे आला, असे खोटेच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना शिकवतो. इथे लांडगा खराच आला होता, राखणदारांना तो ठाऊकही होता, आणि ते ओरडलेच नाहीत. उलट शेजारच्याच मेंढराकडे बोट दाखवले.

पुढची हकिगत एखाद्या कादंबरीसारखी आहे. वोल्फ 451 दिवस कुठल्याही बंदराला न लागता फिरत राहिले. 'माटुंगा' नावाचे एक जहाज त्याने ऑगस्टमध्ये पकडले (नाव वाचून मला थेट दादरच्या अलीकडचे स्टेशनच आठवले). जहाजे पकडायची, माणसे आपल्या पोटात घ्यायची, कोळसा आणि अन्न काढून घ्यायचे आणि जहाज बुडवायचे. शेवटी चारशेहून अधिक कैदी त्या पोटात होते, त्यात बायका आणि मुलेही. ताज्या भाजीपाल्यावाचून स्कर्व्ही झाली. 24 फेब्रुवारी 1918 रोजी जहाज गळक्या अवस्थेत कीलला परतले. त्याच दिवशी त्याने पकडलेले एक स्पॅनिश कोळशाचे जहाज डेन्मार्कच्या किनाऱ्यावर रुतले, त्यातले कैदी सुटले आणि मग जगाला सगळी हकिगत कळली. नेर्गरला जर्मनीचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. युद्धानंतर जहाज फ्रान्सकडे गेले, 'अँतिनूस' या नावाने पुन्हा मुकाट्याने माल वाहू लागले आणि 1931 मध्ये भंगारात निघाले.

वोल्फवर लिहिणारे बहुतेक लेखक नेर्गरच्या हुशारीने भारावून जातात. पकडलेल्या माणसांना त्याने माणुसकीने वागवले असे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. धाडस, चिकाटी, नौकानयन, सगळे पहिल्या प्रतीचे. मलाही वाचताना त्याचे कौतुक वाटले, नाही कशाला म्हणू? पण जो कप्तान पकडलेल्या माणसांना आदराने जेवू घालतो, त्यानेच पेरलेला सुरुंग चार महिन्यांनी कुणाच्या तरी पायाखाली उडतो, तेव्हा तो कप्तान तिथे हजर नसतो. त्याला ती माणसे कधी दिसतच नाहीत. न दिसणाऱ्यांबाबतची दया कुठल्या पदकात मोजायची?

ती न दिसणारी माणसे कोण होती? पी अँड ओच्या जहाजांवर डेकवरचे बरेचसे खलाशी रत्नागिरीकडचे आणि गुजरात किनाऱ्यावरचे असत, बॉयलरपाशी पंजाबकडचे मुसलमान आणि पठाण, तर जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. सुरुंग फुटतो तो पाण्याच्या पातळीखाली, जिथे कोळसा टाकणारे राबत असतात. त्यांना हे युद्ध कुणाचे, कशासाठी, हे कुणी विचारले नव्हते. महिन्याचा पगार घरी जावा एवढेच त्यांना हवे होते.

कायदा नव्हता असेही नाही. 1907 साली हेग येथे राष्ट्रांनी करार केले होते. त्यातला एक याच विषयावरचा. व्यापारी जहाजाचे युद्धनौकेत रूपांतर करायचे असेल तर त्यावर नौदलाचा अधिकारी हवा, युद्धनौकेची बाह्य चिन्हे हवीत आणि असे रूपांतर केल्याचे शक्य तितक्या लवकर जाहीर करायला हवे. दुसरा करार पाणसुरुंगांवरचा. केवळ व्यापारी वाहतूक अडवण्याच्या हेतूने शत्रूच्या किनाऱ्यासमोर असे सुरुंग पेरू नयेत, असे त्यात कलम आहे. जर्मनीने तो करार मान्य केला, पण नेमके हेच कलम सोडून! फ्रान्सनेही तसेच केले. वर्गातले एखादे कार्टे 'गुरुजी, सगळा अभ्यास करतो, फक्त गणित सोडून' म्हणते, त्यातलाच प्रकार.

इथे कुणी म्हणेल, गुरुजी, इंग्रज काय धुतल्या तांदळासारखे होते का? मुळीच नाही. 1915 पासून त्यांनीही गरीब मालवाहू दिसणाऱ्या बोटींवर तोफा लपवून जर्मन पाणबुड्यांना फसवले. परिणाम काय झाला? खऱ्या मालवाहू बोटीजवळ येऊन, आधी इशारा देऊन माणसांना उतरू द्यायला पाणबुडीवाले आणखीच कचरू लागले. दुबळ्या पक्षाला असल्या युक्त्या कराव्याच लागतात, हेही म्हणणे मी ऐकले आहे. गनिमी कावा आपल्यालाच शिकवायचा का, असेही एका स्नेह्यांनी मला सुनावले. पण गनिमी काव्यात मावळा स्वतःचा जीव पणाला लावतो. इथे वेष घेतला आहे तो दुसऱ्याचा, निःशस्त्र माणसाचा. त्या वेषाची किंमत मग खराखुरा निःशस्त्र माणूस मोजतो. माझा मुद्दा एवढाच आहे.

पुढच्या महायुद्धात हेच पुन्हा झाले. हान्साच्याच 'कांडेलफेल्स'चे 'पिंग्विन' झाले. 8 मे 1941 रोजी सेशेल्सजवळ 'कॉर्नवॉल' या इंग्रज क्रूझरने त्याला गाठले तेव्हा ते नॉर्वेच्या मालवाहू जहाजाच्या वेषात होते. गोळा लागून पोटातले सुरुंग उडाले. त्याच पोटात दोनशेहून अधिक कैदी कोंडलेले होते, त्यात बरेच हिंदी खलाशी. वाचले अवघे 22. म्हणजे आधी जर्मनांनी पकडले आणि मग इंग्रजांच्या गोळ्याने मेले. आपल्या हिंदी नौदलाने गस्तीसाठी घेतलेली 'प्रभावती' ही 1933 सालची छोटी बोट तर 8 डिसेंबर 1941 रोजी इंग्रजांच्याच 'ग्लासगो'ने बुडवली. पडाव शेजारी असलेली ती बोट त्यांना लांबून जपानी पाणबुडी वाटली! समुद्रावर एकदा संशय मुरला की आपलापरका ओळखू येत नाही तो असा.

हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे, आपल्याला काय त्याचे, असे वाटत असेल तर नोव्हेंबर 2008 आठवा. मुंबईवर हल्ला करणारे दहा जण आले ते 'कुबेर' नावाची पोरबंदरची मच्छीमार बोट पळवून. बोटीवरचे पाचही जण मारले गेले. लांडग्याने या खेपेला मच्छीमाराचे कातडे पांघरले. आणि त्यानंतर आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक खऱ्या मच्छीमाराला आपण लांडगा नाही हे सिद्ध करावे लागले. बायोमेट्रिक ओळखपत्रे आली, बोटींना ठरावीक रंग आले, मोठे नंबर आले, तपासण्या आल्या. सुरक्षा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण माझे काही जुने विद्यार्थी आता तांडेल आहेत. त्यातला एक सांगत होता, खाऱ्या पाण्याने कार्ड खराब झाले म्हणून त्याला अर्धा दिवस रखडवले आणि तेवढ्यात बर्फ वितळून मासळी गेली. तो चिडून नाही, हसून सांगत होता. मला मात्र हसू आले नाही. 1917 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कामगाराकडे वळलेले बोट आणि हे बोट, यात मला नाते दिसते. लबाडी करणारा निघून जातो आणि ज्याचा वेष त्याने घेतला त्यालाच जाब द्यावा लागतो.

जग काही शहाणे झालेले नाही. इराणने 2023 मध्ये 'शहीद महदवी' आणि 2025 मध्ये 'शहीद बाघेरी' ही जहाजे आपल्या सैन्यात सामील केली. दोन्ही मूळची कंटेनर वाहणारी. त्यांनी निदान ते उजळ माथ्याने जाहीर केले, हे 1907 च्या कराराला धरून झाले म्हणायचे. पण कंटेनरच्या डब्यात काय आहे हे बाहेरून कुणाला कळणार? आमच्या शेजारी वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाले. ते बंदर व्हावे की न व्हावे यावर इथे घराघरात वाद आहेत, तो विषय पुन्हा कधीतरी. पण झाले तर क्षितिजावर अशीच प्रचंड जहाजे रांगेने दिसतील, आणि त्यांच्या मधून सातपाटी-मुरब्याच्या होड्या जा-ये करतील. कधी काळी संशय आलाच तर आधी कोण अडवले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझे म्हणणे थोडक्यात असे. व्यापारी जहाज, मच्छीमार बोट, रुग्णवाहिका, या वेषांना युद्धात हात लावू नये. लावला तर त्याला हुशारी म्हणून मिरवू नये. दुसरे, धोका कळला की राज्यकर्त्यांनी तो सांगावा. लोक घाबरतील म्हणून लपवणे म्हणजे लोकांना नकळत मरू देणे. आणि तिसरे, आमच्या शिक्षक मंडळींसाठी. एम्डेन जरूर शिकवा, पण मुंबईच्या दारात पेरलेले सुरुंगही शिकवा, आणि कप्तानाच्या नावाबरोबर बुडालेल्यांचा आकडाही सांगा.

मुंबईला मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये एक स्मारक आहे. 1914 ते 1918 या काळात जीव गमावलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांसाठी ते उभारले आहे. शाळांच्या सहली गेटवे, तारांगण, राणीची बाग करून परत येतात. तेवढ्याच वाटेत, आधी परवानगी काढून, अर्धा तास तिथे थांबता येईल. नातवंडे असलेल्यांनी तर शाळेची वाट न बघता स्वतःच घेऊन जावे असे मी सुचवतो. नावे मोठ्याने वाचायला सांगा मुलांना. आपल्या कोकणातली कितीतरी सापडतील असा माझा अंदाज आहे.

असो. बरेच लांबले. तुम्हाला काय वाटते ते जरूर कळवा, आणि पटले नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.